हरणीचं विमान खरंच ३९१ कोटींना पडतं का?

२१ हजार ९३५ कोटी भागिले ५६. आमच्या वडोदऱ्याच्या हरणी विमानतळावरून उडणारी सी-२९५ विमानं वायुसेनेने ५६ घेतली, त्या कराराची ही रक्कम. कमाटीबागेत सकाळी फिरून झालं की आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप बाकावर बसतो, त्यातल्या काकांनी हे गणित मोबाइलवर केलं आणि चष्मा वर करून म्हणाले, "अरे, एक विमान ३९१ कोटींना! आणि तेसुद्धा माल वाहायचं, फायटर पण नाही!" शेजारी बसलेले त्यांचे गुजराती दोस्त लगेच म्हणाले, "बहु मोंघुं पड्युं." झालं, कुणी म्हणालं मध्ये कुणीतरी खाल्ले असणार, कुणी म्हणालं तेवढ्यात शहरातले सगळे खड्डे बुजले असते, आणि मी नेमकं म्हटलं की काका तुमचं गणित बरोबर आहे पण उत्तर चुकलंय. मग मलाच सगळं सांगत बसावं लागलं, ते इथे लिहितेय.

मी सैन्यातली नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, वीस वर्षं पर्चेसचं काम बघितलं, बेअरिंगपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळं विकत घेतलंय, त्यामुळे खरेदी म्हणजे काय भानगड असते ते थोडंफार कळतं. देशाची खरेदी तीच भानगड असते, फक्त आकड्यांमागे शून्यं जास्त.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी : हे विमान म्हणजे सी-२९५, एअरबसचं. वायुसेनेसाठी ५६ घ्यायची असा करार २४ सप्टेंबर २०२१ ला झाला. १६ विमानं स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार आली, उरलेली ४० आपल्या वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात बनायची. २८ ऑक्टोबर २०२४ ला, दिवाळी तोंडावर असताना, आपले पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान दोघं इथे आले, रोड शो झाला, कारखान्याचं उद्घाटन झालं, लक्ष्मी विलास पॅलेसला बैठक झाली आणि आपण सगळे ट्रॅफिकमध्ये अडकलो, ते सगळं याच विमानासाठी.

## आधी बघू पैसे असतात किती आणि जातात कुठे

२०२५-२६ साली संरक्षणाचं बजेट होतं ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांचं. हा आकडा ऐकला की लोकांना वाटतं एवढ्याची शस्त्रं घेतली. अजिबात नाही.

त्याचे शंभर रुपये धरा. साधारण २४ रुपये जातात पेन्शनला. ४६ रुपये जातात पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती या रोजच्या चालू खर्चाला. चारेक रुपये संरक्षण खात्याच्या बाकी नागरी खर्चाला, आणि उरले २६, ते नव्या वस्तूंसाठी, ज्याला भांडवली खर्च म्हणतात. म्हणजे आपल्या घरात पगार आला की किराणा, लाइट बिल, आजी-आजोबांची औषधं हे सगळं आधी, आणि नवीन फ्रिज घ्यायचा का हा विषय महिनाअखेरीस, तसंच.

आणि ते २६ रुपये पण सगळे नवीन खरेदीचे नसतात बरं का. मोठ्या वस्तूचे पैसे कुणी एकदम देत नाही, सही करताना थोडे, मग काम पुढे सरकेल तसे हप्ते. त्यामुळे यंदाच्या पैशातला बराच भाग चार-पाच वर्षांपूर्वी सही केलेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. फ्लॅटचा ईएमआय चालू असताना दुसरा फ्लॅट बुक करायला हात आखडतो, तसं दरवर्षी सैन्याचं होतं. त्यात बजेटचा नियम असा की ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तो पैसा सरकारच्या तिजोरीत परत. विमान एप्रिलमध्ये यायचं असेल तर मार्चचे पैसे त्याच्यासाठी बाजूला ठेवून चालत नाही.

## पेपरात "मंजुरी" येते, वस्तू येत नाही

हे सगळ्यात जास्त घोळ घालणारं प्रकरण. "संरक्षण मंत्रालयाची ५० हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी" अशी हेडलाइन आली की व्हॉट्सअॅपवर झेंडे फडकायला लागतात. त्या दिवशी एक रुपया पण कुणाला दिलेला नसतो.

आमच्या सोसायटीच्या लिफ्टची गोष्ट सांगते. सात मजली बिल्डिंग, जुनी लिफ्ट दर पावसाळ्यात बंद. जनरल मीटिंगमध्ये ठराव झाला, "नवीन लिफ्ट गरजेची आहे." टाळ्या वाजल्या. नवीन लिफ्ट सुरू झाली चार वर्षांनी!

पेपरातली ती मंजुरी म्हणजे हा ठराव. सरकारी भाषेत त्याला एओएन म्हणतात, मराठीत सांगायचं तर "हो बाबा, गरज आहे" असा शिक्का. तो देते संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची एक समिती, तिचं नाव डॅक. ही दोन नावं लक्षात ठेवलीत तरी पुरे. या शिक्क्यालाही मुदत असते, तेवढ्यात टेंडर निघालं नाही तर तो बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

शिक्क्यानंतर काय काय होतं बघा. टेंडर निघतं. कंपन्या दोन वेगळी पाकिटं देतात, एकात वस्तूची तांत्रिक माहिती आणि दुसऱ्यात किंमत. आधी फक्त पहिलं पाकीट उघडायचं, किमतीचं बंदच. मग ट्रायल, आणि ती म्हणजे शोरूमची टेस्ट ड्राइव्ह नव्हे, राजस्थानच्या उन्हाळ्यात, लडाखच्या थंडीत आणि उंचीवर वस्तू चालवून बघतात, म्हणजे तो ऋतू यायची वाट बघणं आलंच, एक उन्हाळा हुकला की वर्ष गेलं. मग जे पास झाले त्यांचंच किमतीचं पाकीट उघडायचं, त्यात सगळ्यात कमी भाववाला तो एल-वन. मग त्याच्याबरोबर घासाघीस करायला आणखी एक समिती. मग अर्थ मंत्रालय. आणि रक्कम मोठी असेल तर शेवटी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. त्यानंतर सही.

आणि सहीनंतर वस्तू बनवायला सुरुवात होते, कारण लढाऊ विमानं गोडाऊनमध्ये पडून नसतात.

## "पण सगळ्यात स्वस्त तेच का घ्यायचं? जवानाच्या जिवाचा प्रश्न आहे"

हा आक्षेप नेहमी येतो आणि बरोबर वाटतो. पण वर सांगितलं तसं, स्वस्त कोण हे बघायच्या आधीच पास-नापास झालेलं असतं. लग्नाच्या केटररसारखं आहे, आधी चव घेऊन तिघं पक्के केले की मग भाव विचारायचा. त्या तिघांत कुणाची बासुंदी जरा उजवी असली तरी तिचे मार्क वेगळे मिळत नाहीत, कमी भाववाला जिंकतो. नियमांत आता काही बाबतीत जास्त चांगल्या कामगिरीला थोडं वजन द्यायची सोय आहे, पण मुळात चाल पास-नापासचीच.

पर्चेसमधली म्हणून माझं मत, खरी गडबड भावापेक्षा आधीच्या यादीत होते. काय काय हवं ती यादी वापरणारा बनवतो, इथे सैन्य. आमच्या लिफ्टच्या वेळी कुणी म्हणालं आरसा हवा, कुणी म्हणालं स्ट्रेचर मावायला हवं, कुणाला बोलणारी लिफ्ट हवी, कुणीतरी दुबईत बघून आलेलं त्याला काचेची हवी. यादी एवढी मोठी झाली की ती पूर्ण करणारी एकच कंपनी उरली, आणि लगेच तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "सेक्रेटरीचं सेटिंग आहे." बिचाऱ्या सेक्रेटरींनी राजीनामा दिला आणि दीड वर्ष काहीच झालं नाही.

सैन्यात पण अशाच याद्या झाल्यात, जगात एका वस्तूत कुठेच नसलेले गुण एकत्र मागायचे आणि मग ट्रायलमध्ये सगळेच नापास. चूक सैन्याची आहे असंही म्हणवत नाही मला, कारण एकदा घेतलं की तीस-चाळीस वर्षं तेच वापरायचंय, तर माणूस सगळंच मागून ठेवतो.

## आपल्या विमानाला किती वर्षं लागली

हरणी, कारेलीबाग भागात राहणाऱ्यांना वायुसेनेच्या जुन्या अॅव्हरो विमानांचा आवाज माहीत असेल, ती शिट्टीसारखी बारीक घरघर. लहानपणी गच्चीवर पापड वाळत घालताना आम्ही त्यांना हात करायचो. ही विमानं १९६० च्या दशकातली, मूळ ब्रिटिश डिझाइन, पण बनवली आपल्याकडे कानपूरला. म्हणजे बाहेरचं विमान इथे बनवायचं हे काही आज सुरू झालेलं नाही, फरक एवढाच की तेव्हा ते सरकारी कारखान्यात झालं आणि वडोदऱ्याचं खासगी कारखान्यात होतंय, अख्खं लष्करी विमान खासगी कंपनीने बनवायचं हे देशात पहिल्यांदाच. अॅव्हरोला मागून उघडणारा रॅम्प नाही, म्हणजे जीप थेट आत घालता येत नाही की पॅराशूटवाले मागून धडाधड उड्या मारू शकत नाहीत. सी-२९५ मध्ये तो आहे, ७१ सैनिक किंवा साधारण ५० पॅराट्रूपर बसतात, आणि छोट्या कच्च्या धावपट्टीवर पण उतरतं.

अॅव्हरो बदलायच्या या योजनेला मंजुरीचा शिक्का मिळाला २०१२ ला. २०१३ ला टेंडर अनेक परदेशी कंपन्यांना पाठवलं, अट अशी की भारतातली खासगी कंपनी जोडीला घ्या आणि बहुतेक विमानं इथे बनवा. सरकारी कारखान्याला का वगळलं म्हणून दिल्लीतच वाद. तारखा पुढे ढकलल्या. शेवटी बोली आली फक्त एक, एअरबस आणि टाटा. झाली ना आमची लिफ्ट! एकच बोली म्हणजे तुलना कुणाशी करायची, आणि उद्या कुणी विचारलं भाव जास्त का दिला तर फाइलवर सही करणारा काय सांगणार. तरी २०१५ ला डॅकने पुढे जा म्हणून सांगितलं, मग ट्रायल, मग भावाची घासाघीस, आणि सही २०२१ ला. पहिलं विमान सप्टेंबर २०२३ मध्ये वडोदऱ्याला उतरलं, इथल्याच ११ नंबरच्या स्क्वाड्रनसाठी, रायनोज म्हणतात त्यांना, हेच पूर्वी अॅव्हरो उडवायचे. शिक्क्यापासून उतरेपर्यंत अकरा वर्षं. उलट सही झाल्यावर काम झपाझप झालं, सेव्हिलची सोळाच्या सोळा ऑगस्ट २०२५ पर्यंत हातात आली, ठरलेल्या मुदतीच्या आधी. वडोदऱ्याचं पहिलं विमान सप्टेंबर २०२६ आणि चाळिसावं ऑगस्ट २०३१ असं ठरवलंय.

म्हणून मी काकांना म्हटलं, पैसे मोजताय तशी वर्षं पण मोजा.

## मग ते ३९१ कोटी?

आता काकांच्या गणिताकडे येऊ. स्कूटर घेताना शोरूमची किंमत वेगळी आणि ऑन रोड वेगळी, हे आपल्याला कळतं. विमानाच्या करारात नुसतं विमान नसतं. सुटे भाग, वैमानिक आणि मेकॅनिकचं ट्रेनिंग, दुरुस्तीची यंत्रं, पुढच्या देखभालीचा बंदोबस्त, हे सगळं त्या रकमेत बांधलेलं असतं. या ५६ विमानांवर शत्रूचं रडार आणि क्षेपणास्त्र चुकवायची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवायची आहे, ती पण भारतीय, तीही आली. त्यामुळे एकूण रकमेला संख्येने भागून जो आकडा येतो तो विमानाचा भाव नव्हेच, अख्ख्या संसाराचा भाव आहे.

म्हणून दोन देशांच्या किमतींची तुलना करणाऱ्या पोस्टवर मी फार विश्वास ठेवत नाही. अमक्या देशाने हेच विमान निम्म्यात घेतलं म्हणे. घेतलं असेल, पण त्यात ट्रेनिंग होतं का, सुटे भाग किती वर्षांचे, शस्त्रं धरून की सोडून? राफेलच्या वेळी टीव्हीवर महिनोन् महिने हाच तमाशा चालला, ३६ विमानं साधारण ५९ हजार कोटींना, आणि जो तो आपल्याला सोयीचा भागाकार करत होता.

शिवाय विमान घेतलं की खरा खर्च पुढे सुरू होतो. आमच्या लिफ्टचं आता एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, दरवर्षी वाढतंय, आणि सुटा भाग फक्त त्याच कंपनीकडे मिळतो म्हणून ते मागतील तेवढं द्यावं लागतं. पर्चेसमध्ये आम्हाला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, मशीनची किंमत बघू नको, दहा वर्षांचा खर्च बघ.

## "सगळी ५६ स्पेनहूनच आणली असती तर स्वस्त नसती पडली?"

बहुधा पडली असती, निदान सुरुवातीला. नवीन कारखाना काढून, माणसं शिकवून चाळीस विमानं बनवणं हे तयार चालू लाइनवरून उचलण्यापेक्षा महागच जाणार, स्वस्तात पडेल असं कुणी सांगत असेल तर ते खरं वाटत नाही मला. जास्तीचे पैसे आपण कशासाठी देतोय तर २०४५ साली कुठला तरी भाग तुटला की सेव्हिलला फोन लावून रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून. आणि सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने तयार व्हावेत म्हणून. आमच्या मकरपुऱ्यातल्या लेथवाल्यांना विमानाच्या दर्जाचं काम मिळालं तर ती मोठी गोष्ट आहे, पण त्या दर्जाला पोचायला सर्टिफिकेटं आणि तपासण्यांत वर्षं जातात, हे पण तितकंच खरं.

आणि "इथे बनलं" म्हणजे "सगळं इथलं" असं नाही. सी-२९५ ची इंजिनं प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची आहेत आणि वडोदऱ्यात बनलेल्या विमानालाही तीच लागणार. इंजिन अडलं की काय होतं ते तेजसमध्ये बघितलं. ८३ तेजस लढाऊ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ला दिली, पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं, पण अमेरिकेतून त्या ऑर्डरचं पहिलं इंजिनच आलं मार्च २०२५ मध्ये. विमान आपलं, डिझाइन आपलं, आणि वाट दुसऱ्याची.

## एवढे नियम कुणी केले?

आपणच. म्हणजे आपल्या ओरड्याने.

१९८६ ला स्वीडनकडून ४१० बोफोर्स तोफा घेतल्या, साधारण १,४३७ कोटींचा सौदा. १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने लाच दिल्याची बातमी दिली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे, सरकार गेलं, खटले दशकानुदशकं चालले. पण लोक विसरतात तो भाग हा, की त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं सैन्याला नवीन मोठी तोफ मिळाली नाही! नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेकडून १४५ एम-७७७ तोफांचा करार झाला तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. मधे १९९९ ला कारगिल झालं आणि ते त्याच बोफोर्सनी लढलं. त्या तोफेचे नकाशे सुद्धा सौद्यात मिळाले होते, ते तसेच पडून राहिले, त्यांच्यावरून पुढे जबलपूरच्या कारखान्याने धनुष तोफ बनवली आणि पहिल्या सहा सैन्याला दिल्या २०१९ ला.

प्रत्येक घोटाळ्यानंतर एक समिती वाढली, एक सही वाढली, एखादी कंपनी काळ्या यादीत गेली. दुधाने तोंड पोळलं म्हणून आपण ताकही फुंकून पितोय, आणि फुंकता फुंकता ताक आंबून जातंय. फाइल अडवणाऱ्या बाबूला कुणी कधी कोर्टात ओढत नाही, सही करणाऱ्याला ओढतात. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? मी तरी आणखी एक खुलासा मागवून फाइल परत पाठवली असती, खोटं कशाला बोलू, जीआयडीसीत पण केलंय मी ते ऑडिटच्या भीतीने.

लढाऊ विमानांचं तर याहून वाईट. १२६ घ्यायची म्हणून २००७ ला टेंडर निघालं, २०१२ ला राफेल एल-वन ठरलं, तीन वर्षं बोलणी फिसकटत राहिली आणि शेवटी ते टेंडरच रद्द होऊन २०१६ ला सरकार ते सरकार असा ३६ चाच करार झाला. वायुसेनेला मंजूर स्क्वाड्रन आहेत ४२, एकेका स्क्वाड्रनमध्ये सोळा-अठरा विमानं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, १९६३ पासून होतं ते, आणि स्क्वाड्रन उरल्या २९.

## "उद्या लढाई लागली तर दहा वर्षं थांबणार का?"

नाही, त्यासाठी मागचं दार आहे. २०२० मध्ये गलवाननंतर तिन्ही दलांना तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले, ३०० कोटींपर्यंतचे करार स्वतःच करा आणि वस्तू वर्षभरात हातात आली पाहिजे. ड्रोन, दारूगोळा, थंडीचे कपडे असल्या गोष्टी यातून येतात. पण पाहुणे दारात आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून फरसाण आणता येतं, त्या घाईत पुरणपोळी होत नाही. पाणबुडी, फायटर, मोठी रडारं यांना हे दार उपयोगाचं नाही. आणि घाईत घेतलेली वस्तू पाच कंपन्यांची पाच प्रकारची असली की मग तिचे सुटे भाग सांभाळणाऱ्याचे हाल, ते वेगळेच.

## आणि खड्डे?

हो, तो प्रश्न मी टाळणार नाही, कारण बाकावरचा सगळ्यात खरा प्रश्न तोच होता. संरक्षणावर आपण देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. कुणाला ते कमी वाटतं, कुणाला दवाखाने बघून जास्त वाटतं. दोन्ही बाजूंनी भांडता येतं आणि भांडावं. पण वडोदऱ्याचे खड्डे महापालिकेच्या पैशातून बुजतात, हप्ता सेव्हिलला गेला म्हणून ते राहिलेले नाहीत.

मला स्वतःला रक्कम वाढवण्यापेक्षा वर्षं कमी करण्यात जास्त रस आहे. २०१२ ची गरज २०२३ ला भागते तेव्हा मधल्या अकरा वर्षांत जुनं विमान उडतं ठेवायचा खर्च, रुपया घसरल्याचा फरक, हे सगळं कुठल्याच करारात एका ओळीत लिहिलेलं नसतं, त्यामुळे कुणी त्याला भागत बसत नाही. तो पैसा आपण भरलेलाच असतो.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, मधे दोनदा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी पेपरात आलं तर मी काय बघू?" मी म्हटलं, काका, क्रियापद बघा. "मंजुरी" असेल तर ठराव झालाय. "करार" असेल तर पहिला हप्ता निघणार. "दाखल" असेल तरच वस्तू आली. आणि मंजुरी कुठल्या साली मिळाली होती ते शोधून काढा, पेपरवाले ते लिहीत नाहीत.

तेवढ्यात वरून एक विमान गेलं, तो दोन इंजिनांचा भारी आवाज, अॅव्हरोची शिट्टी नव्हे. काका मान वर करून बघत राहिले. "हे इथलं का स्पेनचं?" मी म्हटलं स्पेनचंच, सेव्हिलच्या सोळांपैकी. "हं," म्हणाले, आणि मोबाइल काढून चाळीसला कशाने तरी भागायला लागले.